सिएटलजवळ सॅमनची चढण बघायला जायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेलव्ह्यू, रेडमंड, सॅमॅमिश, बॉथेल भागातल्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात आणि पानगळीत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी १ ते ४ एवढे प्रश्न वाचले तरी काम भागेल. बाकीचे गरज पडेल तसे वाचा.

१. सॅमनची चढण म्हणजे नेमकं काय बघायचं असतं?

सॅमन गोड्या पाण्याच्या ओढ्यात जन्मतो, लहानपणीच समुद्रात जातो आणि बहुधा दोन ते पाच वर्षांनी अंडी घालायला आपल्याच ओढ्याकडे परततो. शेवटच्या टप्प्यात त्याला वाट दाखवतो तो त्या पाण्याचा वास. कोकणातल्या माणसाला हे समजायला सोपं जातं, कारण पहिल्या मोठ्या पावसात शेतात चढणारे वलगणीचे किंवा चढणीचे मासे त्याने पाहिलेले असतात. फरक असा की आपले चढणीचे मासे नदी-खाडीतून शेतात येतात आणि पाणी ओसरताना परत फिरतात. सॅमन खाऱ्या समुद्रातून येतो आणि परत जात नाही. गोड्या पाण्यात शिरला की त्याचं खाणंही थांबतं. पुढचा सगळा प्रवास अंगातल्या चरबीवर आणि मांसावर होतो.

२. कोणत्या महिन्यात गेलं तर मासे नक्की दिसतील?

‘नक्की’ असं कोणी सांगू शकत नाही, पण महिना चुकला नाही तर शक्यता चांगली असते. इथे सॅमनच्या पाच जाती येतात: सॉकाय, चिनूक, कोहो, चम आणि पिंक. बॅलार्ड लॉक्सला (समुद्र आणि तळं यांच्यामध्ये बोटी वर-खाली करणारी दारं) सॉकाय जून-जुलैत येतो, जुलैच्या सुरुवातीला सर्वाधिक. चिनूक जुलै ते सप्टेंबर, ऑगस्टच्या उत्तरार्धात सर्वाधिक. कोहो ऑगस्टच्या अखेरीपासून, सप्टेंबरच्या शेवटी भर. इसाक्वाच्या ओढ्यात चिनूक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसतो आणि कोहो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. कार्कीक पार्कमधल्या पायपर्स क्रीकला चम येतो तो नोव्हेंबरात, काही वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

पिंक सॅमनचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं असतं, म्हणून इथल्या नद्यांत तो मुख्यतः विषम वर्षी येतो: २०२५, २०२७ असा. पिंक बघायचाच असेल तर स्नोहोमिश किंवा पुयालप नदीच्या बाजूला जावं लागतं.

३. बॅलार्ड लॉक्स की इसाक्वा हॅचरी (मत्स्यबीज केंद्र)? एकच ठिकाण करायचं आहे.

ऑगस्टमध्ये जाणार असाल तर लॉक्स, ऑक्टोबरमध्ये इसाक्वा. आई-बाबा भारतातून आले असतील आणि त्यांचं परतीचं तिकीट सप्टेंबरमध्ये असेल, तर प्रश्नच उरत नाही.

पण जमलं तर दोन्ही करा, आणि मध्ये महिना-दीड महिना जाऊ द्या. इसाक्वाला पोहोचणारा प्रत्येक मासा आधी बॅलार्डहून गेलेला असतो. प्यूजेट साउंडमधून लॉक्स, तिथून लेक युनियन, माँटलेक कट, लेक वॉशिंग्टन, उत्तरेला केनमोरपाशी सॅमॅमिश नदी, मग बॉथेल, वुडिनव्हिल आणि रेडमंडच्या मेरीमूर पार्कला लागून लेक सॅमॅमिश, आणि शेवटी इसाक्वा क्रीक. तुम्ही ५२० महामार्गावरून ऑफिसला जाता तेव्हा पुलाखालून हे मासे जात असतात. ऑगस्टमध्ये काचेपलीकडे चांदीसारखा चकचकीत दिसलेला चिनूक ऑक्टोबरमध्ये तपकिरी-काळपट, झिजलेल्या शेपटीचा होऊन ओढ्यात दिसतो, तेव्हा मुलांना न सांगता सगळं कळतं.

४. लॉक्सला पोहोचल्यावर कुठे जायचं? आम्ही बोटीच बघून परत आलो.

असं फार जणांचं होतं, कारण मासे पलीकडच्या तीरावर आहेत. बॅलार्ड बाजूच्या मुख्य दाराने आत आलात की आधी बाग लागते, मग मोठं आणि छोटं अशी दोन लॉक्स. त्यांच्या दारांवरून चालत पलीकडे जायचं, पुढे बंधारा ओलांडायचा, की दक्षिण टोकाला फिश लॅडर, म्हणजे माशांना चढायच्या पायऱ्या. वर पायऱ्यापायऱ्यांचे उघडे हौद दिसतात. तिथून खाली जमिनीखालच्या खोलीत जायचं. तिथे काचा आहेत आणि खरी गंमत तिथेच आहे.

बोट जात असताना लॉकचं दार उघडं असतं आणि चालणाऱ्यांची वाट बंद होते. पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं, तेवढा वेळ धरून चला. सायकल हातात धरून न्यावी लागते. प्रवेश फुकट आहे, उत्तरेकडच्या पार्किंगला पैसे पडतात. काचेच्या खोलीच्या वेळा ऋतूनुसार बदलतात आणि दुरुस्तीसाठी ती कधी बंदही असते, म्हणून निघण्याआधी बघून घ्या.

लॉक्स १९१७ साली सुरू झाली आणि ती अमेरिकी लष्कराचा अभियांत्रिकी विभाग चालवतो. आजची २१ पायऱ्यांची फिश लॅडर १९७६ ची. तळ्याचं पाणी समुद्रापेक्षा उंच राखलेलं आहे, ती उंची मासे या पायऱ्यांनी चढतात.

५. फोटोत असतात तशा उड्या मारतच नाहीत. आम्ही चुकीच्या वेळी गेलो का?

नाही. लॅडरच्या प्रत्येक पायरीच्या भिंतीत पाण्याखाली भोक ठेवलेलं असतं आणि बरेच मासे त्यातूनच पुढे सरकतात. अधूनमधून एखादा वरून उडी घेतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका. इसाक्वाला ओढ्यात आडवा बंधारा आहे. त्यावर आपटणारे मासे ऑक्टोबरमध्ये बऱ्यापैकी दिसतात. खऱ्या धबधब्यावरच्या उड्या बघायच्या असतील तर ऑलिंपिक नॅशनल पार्कमध्ये सोल डक नदीवर सॅमन कॅस्केड्स आहे. तिथे पानगळीत कोहो येतात, पण तो पूर्ण दिवसाचा, खरं तर मुक्कामाचा प्रवास. एका दिवसात जमणारी जागा म्हणजे ऑलिंपियाजवळचं टमवॉटर फॉल्स पार्क. तिथे सप्टेंबरच्या मध्यापासून चिनूक चढतात.

६. सगळे सारखेच दिसतात. कोणता कोण, हे कसं ओळखायचं?

लॉक्सच्या काचेपाशी सगळेच रुपेरी असतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका, शेपटी बघा. शेपटीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पात्यांवर काळे ठिपके असतील तर चिनूक. फक्त वरच्या पात्यावर असतील तर कोहो. ठिपकेच नाहीत, पाठ निळसर आणि अंग सडपातळ असेल तर सॉकाय. तोंड उघडलेलं दिसलं तर आणखी एक खूण मिळते: चिनूकच्या हिरड्या काळ्या असतात.

ओढ्यात रंग बदललेला असतो. सॉकायचं अंग लालभडक आणि डोकं हिरवं होतं. चमच्या अंगावर जांभळट-हिरवे उभे पट्टे येतात आणि दात बाहेर दिसतात. नरांचा जबडा आकड्यासारखा वळतो, पिंकच्या नराला पाठीवर मोठं कुबड येतं. शेपटीची कड झिजून पांढरी पडली असेल तर ती बहुधा मादी; का, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

७. रावस म्हणजेच इंडियन सॅमन ना? मग हा आपला रावसच का?

नाही, दोघांचं काही नातं नाही. रावसाला बाजारात इंग्रजी नाव तसं पडलं, बहुधा मांसाच्या लौकिकामुळे. रावस उथळ समुद्रात आणि खाडीत राहणारा मासा आहे. त्याच्या छातीच्या पराखाली चार सुटे दोऱ्यासारखे तंतू लोंबतात, त्यावरून तो लगेच ओळखता येतो. सॅमनला असे तंतू नसतात. उलट सॅमनच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, एक छोटा मऊ मांसल पर असतो, जो रावसाला नसतो.

८. दोन तास थांबलो, एकही मासा दिसला नाही. काय चुकलं?

लॉक्सवर असं झालं तर बहुतेक वेळा कारण महिना असतो, नाही तर पाण्याचं तापमान. कडक उन्हाळ्यात लॉक्स ते लेक वॉशिंग्टन या कालव्याचं पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की चिनूक पुढे जायला कचरतात आणि लॉक्सच्या आसपास थंड पाण्यात थांबून राहतात. त्या दिवसांत काच रिकामी दिसते. हंगामात लॉक्सवर मोजलेल्या माशांचे आकडे राज्याचा मत्स्य आणि वन्यजीव विभाग जाहीर करतो. ते आधी बघितले तर फेरी वाया जात नाही.

ओढ्याचं गणित वेगळं आहे. कोरड्या सप्टेंबरमध्ये पाणी कमी असतं आणि मासे तळ्यातच अडकून राहतात. पहिला चांगला पाऊस झाला की चढतात. पण त्याच दिवशी जाऊ नका, पाणी गढूळ असतं. पावसानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी निवळतं, तो दिवस गाठा. वेळ दुपारी अकरा ते दोनची. ऊन वरून पडलं की तळ दिसतो. पोलराइज्ड गॉगल न्या, साध्या काळ्या गॉगलने पाण्यावरची चमक जात नाही.

९. काचेतून फोटो धड येत नाहीत, काय करावं?

फ्लॅश बंद करा, तो काचेवरून परत येतो आणि बाकीच्यांनाही त्रास होतो. फोन काचेला टेकवून धरा. फोटोपेक्षा व्हिडिओ काढा आणि नंतर त्यातली चौकट निवडा.

१०. आई-बाबांना फार चालवत नाही, शिवाय बाबागाडी आहे. जमेल का?

जमेल, पण लॉक्सला दक्षिणेकडून जा. मॅग्नोलिया बाजूच्या कमोडोर पार्कपासून फिश लॅडर जवळ आहे. थोडा उतार आहे, पण लॉकच्या दारांवरून जायची गरज पडत नाही. पार्किंग कमी असल्याने सकाळी लवकर पोहोचा. उत्तरेकडून आलात तर लॉकच्या दारांवरची वाट अरुंद आहे, समोरून बाबागाडी आली तर एकाला थांबावं लागतं.

सगळ्यांत सोपं इसाक्वा. हॅचरी गावाच्या मध्यात आहे, पूल, बंधारा आणि काचा अगदी जवळजवळ आहेत. मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी तिथे सॅमन डेज हा मोठा उत्सव असतो. रस्ते बंद, गाडी लांब लावावी लागते. जत्रा हवी असेल तर जरूर जा. मासे हवे असतील तर त्याच्या पुढच्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार बरा.

कार्कीक पार्कची वाट नोव्हेंबरात चिखलाची असते. तिथे चांगली पकड असलेले बूट लागतात.

११. मुलगी चार वर्षांची आहे. ओढ्यात मेलेले मासे असतात म्हणे. न्यावं का?

असतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटी बरेच असतात. वासही येतो. जिवंत माशांच्याही अंगावर पांढरी बुरशी, फाटलेले पर दिसतात. लपवण्यापेक्षा गाडीतच सांगून टाका: हे मासे इतक्या लांबून बाळांसाठी येतात, अंडी घालून झाली की त्यांचं काम संपतं, आणि त्यांच्या अंगातून ओढ्यातल्या किड्यांना आणि काठच्या झाडांना खत मिळतं. हे खरंच आहे. समुद्रातून आलेलं नत्र सॅमनच्या वाटेने काठच्या झाडांपर्यंत पोहोचतं. लहान मुलं हे मोठ्यांपेक्षा सहज स्वीकारतात.

इथले पाचही पॅसिफिक सॅमन अंडी घालून मरतात. अपवाद सॅमनच्या नात्यातल्या स्टीलहेड माशाचा: त्यातले काही परत समुद्रात जातात आणि पुन्हा येतात.

१२. हॅचरीत मासे कापताना पाहिले. वाचवायचं सोडून मारतात का?

इसाक्वा हॅचरी १९३६ साली बांधली, कारण लाकूडतोड आणि कोळशाच्या खाणींमुळे ओढ्यातले मासे जवळपास संपले होते. बंधारा माशांना अडवून लॅडरने हौदात घेतो. काही मासे पुढे ओढ्यात सोडतात, काहींची अंडी इथेच काढतात. मादीला आधी मारून पोट उघडतात, गाभोळी बादलीत घेतात, नराचं वीर्य त्यात मिसळतात. तो मासा एरवीही काही दिवसांतच मरणार असतो. ओढ्यात घातलेल्या काही हजार अंड्यांपैकी मोठे होऊन परतणारे मोजकेच असतात, हॅचरीत निदान सुरुवातीचे महिने पिल्लं सुरक्षित राहतात. तरीही ते काम पाहणं जड जातं. लहान मुलं बरोबर असतील तर अंडी काढण्याचा दिवस टाळा किंवा काचांकडेच थांबा.

मुलांना एक काम द्या. प्रश्न ७ मधला छोटा मांसल पर शोधायचा. तो कापलेला असेल तर तो मासा हॅचरीत वाढलेला. पर जागेवर असेल तर बहुधा ओढ्यातच जन्मलेला.

१३. पाण्यात पाय घालून जवळून बघितलं तर चालेल का?

नाही. हा नियम मोडू नका आणि मुलांनाही मोडू देऊ नका. मादी कुशीवर होऊन शेपटीच्या फटक्यांनी गोटे उडवते, खड्डा करते, अंडी घालते, आणि नराने ती फळवल्यावर जरा वर सरकून पुन्हा खणते. त्या नव्या खणण्यातले गोटे आधीच्या अंड्यांवर पडतात. म्हणून तिची शेपटी पांढरी होते. तळावर शेवाळाच्या गोट्यांमध्ये फिकट, धुतल्यासारखा गोट्यांचा पट्टा दिसला की खाली अंडी आहेत असं समजा. एका पावलाने ती चिरडतात. मासे गेले तरी अंडी कित्येक महिने तिथेच असतात, म्हणून हिवाळ्यातही हाच नियम. दगड टाकणं, काठी घालणं, पोळीचे तुकडे टाकणं, हेही नको. मासे काही खातच नाहीत.

१४. कुत्र्याला नेलं तर?

पट्टा आखूड ठेवा आणि मेलेल्या माशाला तोंड लावू देऊ नका. कच्च्या सॅमनमध्ये एक चपटा कृमी असतो, त्याच्यातल्या जिवाणूंमुळे कुत्र्यांना जीवघेणा आजार होतो. ताप, उलट्या, जुलाब, खाणं बंद होणं अशी लक्षणं साधारण आठवड्याभराने दिसतात, तोपर्यंत मासा खाल्ल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. कुत्र्याने तुकडा जरी गिळला असेल तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याला फोन करा आणि सॅमन खाल्ला असं स्पष्ट सांगा. वेळेत प्रतिजैविक मिळालं तर कुत्रा बरा होतो, न मिळालं तर बहुतेक वाचत नाही.

१५. काठावर ताजा मेलेला मासा पडलाय, गाभोळीही दिसतेय. घरी नेऊ का? गळ टाकला तर?

नेऊ नका. महिनाभर न खाता झिजलेल्या माशाच्या मांसात ना चव उरते ना चरबी, आणि तो कधी मेला हे कळत नाही. तो ओढ्याचाच आहे (प्रश्न ११). प्यूजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त म्हणून कायद्याने संरक्षित आहे. मासेमारीला परवाना लागतो आणि जागा, जात, दिवस यांचे नियम बदलत राहतात. तुम्ही बघायला जाता त्या ओढ्यांत गळ टाकायचा नाही. सॅमनचं कालवण करायचं असेल तर उन्हाळ्यात बाजारातून ताजा सॉकाय घ्या.

१६. मग काही लोक कालव्यात जाळी लावतात ते कसं चालतं?

ते इथले मूळ रहिवासी: मकलशूट, सुक्वामिश. १८५५ च्या पॉइंट इलियट करारात त्यांनी जमीन दिली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क अनेक दशकं डावलला गेला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर करारातल्या जमातींचा हक्क मान्य केला आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मूलतः कायम ठेवला. माशांचं व्यवस्थापनही जमाती आणि राज्य मिळून करतात. जाळ्यांजवळ जाऊ नका आणि त्यांच्या कामात अडथळा आणू नका.

१७. सील लॅडरच्या तोंडाशीच मासे खातात. कोणी हाकलत का नाही?

सील आणि समुद्रसिंह १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे हवं ते करता येत नाही. मासा अरुंद वाटेपाशी गोळा होतो आणि शिकाऱ्याचं फावतं. दोष त्या अरुंद वाटेचा, आणि ती माणसाने बांधली. १९८० च्या दशकात समुद्रसिंहांनी इथेच हिवाळी स्टीलहेडचा फडशा पाडला. ती चढण नंतर सावरलीच नाही.

१८. ओढ्यात कोहो मेलेली सापडली, पण पोटात अंडी तशीच होती. हे नेहमीचंच का?

नाही, आणि हे प्रश्न ११ मधल्या मरणापेक्षा अगदी वेगळं आहे. सिएटलच्या शहरी ओढ्यांत, उदाहरणार्थ वेस्ट सिएटलच्या लाँगफेलो क्रीकमध्ये, पहिल्या पावसानंतर कोहो पृष्ठभागावर गोल फिरत, तोंड वासून काही तासांत मरतात. टायर टिकावा म्हणून रबरात घातलेलं एक रसायन ओझोनशी मिळून ६पीपीडी-क्विनोन बनतं, आणि रस्त्यावरच्या पाण्याबरोबर ओढ्यात येतं. हा शोध डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. चम त्याच पाण्यात तग धरतो, म्हणून पायपर्स क्रीकच्या चममध्ये हे चित्र सहसा दिसत नाही. रस्त्याचं पाणी आधी माती-खताच्या थरातून गाळून सोडलं तर कोहो वाचतात. पावसाच्या पाण्यासाठी केलेल्या बागांचा उपयोग तो हाच.

१९. लाल माशांनी भरलेली नदी बघायची आहे. ती कुठे?

ती कॅनडातली ॲडम्स नदी. ब्रिटिश कोलंबियात चेसजवळच्या त्सुत्सवेक पार्कमध्ये ऑक्टोबरमध्ये सॉकाय येतो आणि दर चार वर्षांनी त्याची मोठी लाट येते: २०१८, २०२२, त्यानंतर २०२६. गाडीने एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाही. ग्रीन कार्ड नसेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो, अमेरिकेचा व्हिसा असला तरीही. पाहुण्या आई-बाबांचाही लागतो. म्हणून तयारी उन्हाळ्याच्या आधीच सुरू करा. घराजवळ सॉकाय बघायचा तर ऑक्टोबरमध्ये रेंटनला सीडर नदीवर जा. तिथलं वाचनालयच नदीवर बांधलेलं आहे. अलीकडे तिथले सॉकाय फार कमी झालेत, तेव्हा लाल नदीची अपेक्षा ठेवू नका.

२०. हंगाम चुकला. आता थेट पुढच्या वर्षीच का?

नाही. एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत पिल्लं उलट दिशेने, समुद्राकडे निघालेली असतात. लॉक्सच्या बंधाऱ्यावरून त्यांच्यासाठी पाण्याच्या घसरगुंड्या सोडतात. बोटभर लांबीचे रुपेरी मासे, त्यामुळे नीट टक लावून बघावं लागतं. बंधाऱ्याखाली बगळे टपून बसले असतील, तिथे बघायला सुरुवात करा.